प्रकरण अकरावं : काटा काय म्हणते

वच्छलाबाईंना, माधवीच्या आईला, जाऊन वर्ष झालं, त्या दिवशी सकाळी ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये दाराशी एक बॅग उभी होती. माधवीला आधी वाटलं, आपलीच. आदल्या दिवशी नागपूरहून आल्यापासून तिने ती उघडलीही नव्हती. पण तिची बॅग पलंगाखाली होती. दाराशी होती ती बाबांची. निवृत्तीच्या दिवशी वीज प्लांटमधून मिळालेली, निळी. तिची चेन अडायची आणि आई मेणबत्ती घासून ती चालती करायची.

"बाबा, कुठं चालले?"

बाबा आरशासमोर उभे राहून शर्टाच्या खिशावर एक पांढरं पीस टाचत होते.

"उड्डानाले," ते म्हणाले. बाजारात चाललो म्हणावं तसं. "एकवीस दिवस. बारा वाजता गाडी येते."

"उड्डाण म्हणजे?"

त्यावर बाबांना सेफ्टी पिन लावण्यात एकदम फार अडचण यायला लागली. उत्तर स्वयंपाकघरातून आलं, रिनाकडून. रिना म्हणजे माधवीच्या धाकट्या भावाची, अश्वजितची, बायको.

"शिबिर आहे, ताई. पोंभुर्ण्याच्या पल्याड, जंगलात. नुसतं लिंबूपानी अन् जप. फोन जमा करा लागते. गोळ्याबी."

"गोळ्या? बाबांच्या शुगरच्या?"

"त्याले दगडाच्या सवयी म्हनतात," रिना म्हणाली, पण कढईकडे बघत म्हणाली.

पिसारा परिवाराबद्दल माधवीने फोनवर तुकड्यातुकड्यांनी ऐकलं होतं. ती सांभाळते त्या कॉलेजच्या लायब्ररीत बसून तिने असल्या पंथांवरची दोन जाडजूड पुस्तकंही वाचून काढली होती. पण पुस्तकातले पंथ अमेरिकेत आणि जपानात होते, त्यांना टेकड्या, बंगले, मोटारी होत्या. हा पंथ ऊर्जानगरच्या जुन्या मंगल कार्यालयात रविवारी सात ते नऊ भरायचा. चरबी म्हणजे साचलेलं पाप, असं त्यांचं एका ओळीत शास्त्र. सभासद म्हणजे पिसं. बाकी सगळी दुनिया म्हणजे दगड. पिसाने दगडाच्या हातचं खायचं नाही, दगडाशी वजनावर वाद घालायचा नाही, आणि रोज संध्याकाळी परिवारातून फोन येईल त्याला दिवसभरात काय खाल्लं ते खरं खरं सांगायचं. पिसाच्या वरची पायरी म्हणजे वारा. आजवर एकच बाई वारा झाली होती, वडशाची. ती आता आठवड्यातून दोनदा किडनीच्या मशीनला लागते, हे परिवारात कुणी बोलत नसे. वाऱ्याचा पत्ता विचारायचा नसतो.

या सगळ्याच्या डोक्यावर पीसमाई. मूळ नाव स्वाती.

रिना आधी गेली होती. धाकट्या मुलाच्या बाळंतपणानंतर वाढलेलं वजन उतरवायला. पहिल्याच रविवारी नऊ किलो उतरलं. मग सासऱ्यांना घेऊन गेली. त्यांचं बारा उतरलं, शहाण्णवचे चौऱ्याऐंशी. कार्यालयभर टाळ्या.

"एका आठवड्यात बारा किलो?" माधवीने तेव्हा फोनवर विचारलं होतं.

"पाप जास्त, तं उतरतेबी भराभर," बाबा म्हणाले होते.

ज्या माणसाने तीस वर्षं कोळशाच्या काट्यावर काढली, त्याच्या तोंडी हे वाक्य. माधवीने फोन ठेवला होता आणि बराच वेळ समोरच्या पुस्तकाचं तेच पान वाचत राहिली होती. ट्रक आला की आधी शून्य बघायचं, मग ट्रक, हा बाबांचा नियम. घरी, दारी, बाजारात. भाजीवालीच्या तराजूतही आधी रिकामी पारडी बघायचे. ऊर्जानगरच्या बाजारात बाबा, म्हणजे खुशालभाऊ, शिरले की बाया आपापली मापं पदराने पुसायला घ्यायच्या. "काटा खोटं बोलत नाई," ते म्हणायचे. "मानूस बोलते."

तिने अश्वजितला अंगणात गाठलं. तो मांडवाचा कापडी पडदा बांधत होता.

"तुला चालतं हे?"

"माधवीताई, तू महिन्यातून एकदा येते," अश्वजित दातांत सुतळी धरून म्हणाला. "आई गेल्यावर सहा महिने बाबा कॉटवरून उठत नव्हते. टीव्ही लावला तर टीव्ही, बंद केला तर भिंत. आता सहाले उठते मानूस, दाढी करते, लोकांत जाते. मी कोणत्या तोंडानं म्हणू, नका जाऊ म्हणून?"

माधवीने पडद्याचं दुसरं टोक धरलं. ती रोज सकाळी आठला फोन करायची. गोळी घेतली का, शुगर किती, रात्रीची घेतली का. बाबा म्हणायचे, घेतली. एवढाच त्यांचा संवाद, आणि तो चुकला नाही याचा तिला थोडा अभिमानही होता.

आत येऊन तिने फ्रीजवरची गोळ्यांची डबी उघडली. एकवीस कप्प्यांची, आईने आणलेली. झाकणांवर आईच्याच अक्षरात स, दु, रा. पेनाची शाई फिकी झाली होती, तरी वाचता येत होती. आजच्या 'स'चा कप्पा रिकामा होता.

"घेतात तर," ती रिनाला म्हणाली.

"लपून घेतात. पीसमाईले माहीत नाई," रिना कुजबुजली. "मले म्हणाले, तुह्या सासूनं आणलेली डबी हाय, ते चुकवता येत नाई. चार दिवसांपासून अन्न सोडलं, उड्डानाच्या तयारीले. पन गोळी नाई सोडली."

माधवीला हायसं वाटलं. निदान गोळी तरी चालू आहे. हे हायसं वाटणं तिला पुढे बरेच दिवस बोचत राहिलं.

*

बायनाबाई आत्या पोंभुर्ण्याहून पहिल्या बसने आली. एका हातात दुधाची कॅन, काखेत तांदळाची पिशवी, पिशवीत गुळाची ढेप. वच्छलाबाई असेपर्यंत दर बुद्धपौर्णिमेला या क्वार्टरमधून गल्लीभर खीर जायची. स्मृतिदिनालाही खीरच, हे आत्याने फोनवर जाहीर करून टाकलं होतं आणि तिने जाहीर केलेल्या गोष्टीवर या घराण्यात तीन पिढ्यांत कुणी अपील केलं नव्हतं.

तिने कॅन ठेवली, भावाकडे बघितलं, मग त्याच्या खिशाकडे.

"हे काय लावलं?"

"पीस हाय, बाई. बगळ्याचं."

आत्या जवळ गेली. पीस चिमटीत धरून उजेडात बघितलं.

"ब्रॉयलरचं हाय."

"निशानी हाय ते. हलकं झाल्याची."

"हलकं झाल्याची निशानी कोनी छातीवर लावते का रे? लोटा घेऊन जाऊन आलेला मानूस गावात सांगत फिरते का?"

रिना पदर तोंडाला लावून मागच्या दाराने बाहेर गेली. मोठ्या बहिणीसमोर बाबांचं वय नेहमीच सहासष्टवरून सहावर यायचं.

"बाई, तुले नाई समजनार. ते मोठं शास्त्र हाय."

"मले नाई समजत? छपन्न साली आपला बाप मले खांद्यावर बसवून चालत चांद्याले गेला. तुहा तं जन्मबी झाला नव्हता. दीक्षा घेऊन आला अन् घरचे देव एका टोपल्यात भरून नदीत सोडून आला. मी रडली, की त्यातला पितळेचा घोडा मले खेळाले पाह्यजे होता. बापानं तोबी नाई ठेवला. अन् तू? तू काट्याच्या पाया पडून राह्यला!"

"काटा देव नाई, बाई. काटा विज्ञान हाय."

"मंग विज्ञानाले हार काऊन घालता?"

"हार नाई. दोन फुलं राह्यतात फक्त."

"अन् जंगलात जाऊन राह्यला म्हने. तिथी वाघ हाय. मागच्या महिन्यात आमच्या गावची कालवड नेली. त्याले पीस का दगड, काई फरक नाई पडत, सांगून ठेवते."

बाबांनी बॅगेशी जाऊन चेन पुन्हा एकदा लावली. ती आधीच लागलेली होती. माधवीला त्यांचा शर्ट मागून दिसला. खांद्यावर ढिला, लोंबता. आईने शेवटच्या दिवाळीला घेतलेला, तेव्हा पोटावर ताणलेला. काट्याचं काहीही असो, माणूस खरोखर उतरला होता.

*

दहा वाजता वंदना झाली. आईचा फोटो, खाली मेणबत्ती, पांढरी फुलं. गल्लीतली माणसं सतरंजीवर बसली. त्रिशरण, पंचशील म्हणताना बाबांचा आवाज सगळ्यांत वर होता, पण मध्येच एकदा 'अदिन्नादाना' आणि 'मुसावादा' यांची त्यांनी अदलाबदल केली. पन्नास वर्षांत न चुकलेला माणूस चुकला. आत्याने एक डोळा उघडून बघितलं आणि मिटला. माधवीला वाटलं, आईच्या फोटोमुळे.

मग वाट्या भरल्या. पहिली वाटी माधवीने बाबांकडे नेली. गुळाची खीर, वेलची घातलेली, वर थोडं खोबरं. आईची रीत.

बाबांनी वाटीकडे बघितलं. हात पुढे आला, अर्ध्यावर थांबला, आणि जोडला गेला. दुसराही हात येऊन त्याला मिळाला.

"मले चालत नाई, बेटा."

"एक चमचा. आईची आहे."

"तू..." ते घुटमळले. "तू परिवारात नाई ना."

म्हणजे दगड. त्यांनी शब्द उच्चारला नाही, एवढी काळजी त्यांनी घेतली. माधवीने मान हलवली, वाटी फोटोसमोर ठेवली आणि बाकीच्यांना वाढायला लागली. तिच्या वाढण्यात काही फरक पडला नाही. फक्त गुप्ताकाकूंना दोनदा खीर मिळाली आणि शेजारच्या भोयर साहेबांना एकदाही नाही.

आत्याने मात्र हे गिळलं नाही. "खुद्द भगवंतानं सहा वर्स उपास करून पाह्यला," ती सगळ्या सतरंजीला ऐकू जाईल असं म्हणाली. "हाडं लागली वर. मंग सुजाताच्या हातची खीर खाल्ली, तेव्हा कुठी डोकं चालाले लागलं. अन् हे आमचे खुशालभाऊ! सुजाता खीर घेऊन उभी, अन् हे म्हनतात, बाई, तू परिवारात नाई."

सतरंजी हसली. त्याच वेळी फाटकाशी गाडी थांबली.

पीसमाई उतरल्या. पांढरी साडी, पांढरा ब्लाउज, केसांत पांढरं पीस. अंगाने चांगल्या भरलेल्या होत्या. याचंही स्पष्टीकरण परिवारात होतं. माई दुसऱ्यांचं वजन स्वतःवर घेतात. मागे लोकेश, प्लांटच्या स्टोअरमधला चाळिशीचा गृहस्थ, छातीशी धरून काटा आणत होता. तान्हं मूल दवाखान्यातून घरी आणावं तसा. काट्यावर खरंच दोन फुलं होती.

"आजचा दिवस किती पवित्र," पीसमाई म्हणाल्या. त्यांची मराठी इस्त्री केलेली होती. "काकूंच्या स्मृतीला काकांकडून याहून मोठी श्रद्धांजली कोणती? उड्डाणापूर्वीचं वजन आपण सर्वांसमक्ष घेऊ या."

लोकेशने काटा आईच्या फोटोसमोर फरशीवर ठेवला. आकडे लाल लागले, शून्यावर आले. बाबा चप्पल काढून पुढे झाले. माधवी त्यांच्याकडेच बघत होती, म्हणून तिला दिसलं: बाबांनी शून्य बघितलं नाही. चढण्याआधी त्यांनी डोळे मिटून घेतले.

"सत्त्याहत्तर!" लोकेश ओरडला. परिवारातली पाचसहा माणसं आली होती, त्यांनी टाळ्या वाजवल्या. गुप्ताकाकूंनीही वाजवल्या, खीर चांगली झाली होती म्हणून.

"उतर," आत्या भावाला म्हणाली. "मले चढू दे."

"मावशी, हा सिद्ध काटा आहे. दीक्षा नसलेल्यांनी..." लोकेश मध्ये पडला.

"माही दीक्षा छपन्नची हाय," आत्या म्हणाली आणि चढली.

"छप्पन," लोकेशच्या तोंडून निघून गेलं.

"वजन इचारून राह्यली मी, साल नाई."

"वजनच आहे, मावशी. छप्पन किलो."

आत्या खाली उतरली. काट्याकडे तिने खोट्या साक्षीदाराकडे बघावं तसं बघितलं. "परवा राइस मिलवर धान मोजाले गेली. आमच्या इथी पोतं चढवाच्या आधी बायाबी चढून पाह्यतात, गंमत म्हनून. चौसष्ट होती मी. दोन दिवसांत आठ किलो कुठी सांडले? बसमध्ये?"

"माझ्या सान्निध्यात येताच काहींचं..."

"तुम्ही आता आल्या. मी सकाळपासून इथीच हाव."

आता गंमत अशी झाली की हलली ती रिना. इतका वेळ ती परिवाराच्या बाजूला, पीसमाईंच्या मागे हात जोडून उभी होती. माधवीला वाटलं, ती आत्याला आवरायला पुढे येतेय. पण रिना सरळ स्वयंपाकघरात गेली आणि किराण्याची दहा किलो तांदळाची थैली घेऊन आली. न फोडलेली, कंपनीची शिवण जशीच्या तशी. तिने ती काट्यावर ठेवली.

आठ किलो साडेसातशे.

सतरंजीवरच्या माना आकड्यावर वाकल्या. दूर कूलिंग टॉवरची वाफ तेवढी निवांत वर जात होती.

"धान्यातही," पीसमाई म्हणाल्या, आणि त्यांची हुशारी अशी की आवाज जरासुद्धा हलला नाही, "पिकवणाऱ्याचं पाप असतं. तेही इथे उतरतं."

"माई," रिना म्हणाली. तिचा आवाज मात्र हलत होता. "माहे नऊ किलो गेले ना? बहात्तरचे त्रेसष्ट? मंग माहा ब्लाउज मागच्या महिन्यात उसवा काऊन लागला? मी टेलरशी भांडली. म्हटलं, तुह्यं माप चुकलं. त्याच्या बायकोसमोर मी त्याले नाई नाई ते बोलली, माई!"

टेलरचं दुःख तिला सगळ्यात जास्त झालेलं दिसत होतं. अश्वजितने तोंड भिंतीकडे केलं आणि त्याचे खांदे हलायला लागले.

आणि नेमकं त्या क्षणी बाबा थरथरायला लागले.

आधी बोटं, मग हात. कपाळावर घामाचे थेंब, डिसेंबरच्या गारठ्यात. त्यांनी आधारासाठी हात पुढे केला, तिथे काहीच नव्हतं. "वच्छला," ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, "काटा बंद कर, गाडी गेली."

"पिसं फुटतायत!" पीसमाईंनी संधी ओळखली. दोन्ही हात वर केले. "बघा! काकांना पिसं फुटतायत! टाळ्या!"

आणि परिवाराने टाळ्या वाजवल्या. सवयीने, मनापासून. दर रविवारी कुणी ना कुणी असं थरथरत असे, आणि दर रविवारी टाळ्या वाजत.

माधवीच्या डोक्यात दोन गोष्टी एकमेकींवर येऊन आदळल्या. चार दिवस अन्न नाही. गोळी चुकली नाही. साखर उतरवायची गोळी, आणि उतरवायला पोटात साखरच नाही. ती रोज आठला विचारत होती, घेतली का. तो बिचारा माणूस घेत होता.

"अश्वजित, धर त्यांना! शुगरचं मशीन कुठाय?"

मशीन आणलं रिनाने. टोचलेल्या बोटातून रक्त यायला वेळ लागला. पडद्यावर आकडा आला: अठ्ठेचाळीस.

"किती असते?" आत्याने विचारलं.

"सत्तरच्या खाली धोका." माधवीने हात लांबवला. फोटोसमोरची वाटी सगळ्यात जवळ होती. तीच उचलली. "बाबा, माझ्याकडे बघा. गिळता येतं ना? तोंड उघडा."

"दगडाच्या हातचं..." मागून लोकेश म्हणाला. त्याचा स्वभाव वाईट नव्हता, फक्त नियम पाठ होते.

आत्या त्याच्याकडे वळली. ती काय म्हणाली ते इथे लिहिण्यासारखं नाही. पोंभुर्ण्याच्या बाजारात ते कोंबड्या विकणाऱ्यांनाच म्हणतात.

पहिला चमचा ओठांवरून सांडला. दुसरा आत गेला. तिसऱ्याला बाबांनी स्वतः तोंड उघडलं. तळाशी बसलेला गूळ माधवी मुद्दाम खरवडून देत होती. पाचव्या-सहाव्या चमच्याला बाबांचे डोळे तिच्यावर स्थिर झाले.

"वेलची जास्त झाली," ते म्हणाले.

आत्या मटकन खाली बसली आणि पदराने डोळे पुसत म्हणाली, "आला. आला मानूस जागेवर."

पीसमाई काटा उचलायला वाकल्या होत्या. त्यावर अजून तांदळाची थैली होती, आणि थैलीवर आता आत्याचा पाय.

"हा आमचा काटा आहे," पीसमाई म्हणाल्या.

"न्या ना. पन खरं वजन सांगून न्या."

"पाय काढ वं म्हातारे!" पीसमाईंची इस्त्री एका झटक्यात मोडली. "तुह्या भावाले मी घरून उचलून नेलं होतं काय? आपल्या पायानं येत होता तो! माह्या इथी येऊन हसत होता! तुमी काऊन नाई हसवलं त्याले?"

आत्याने पाय काढला. तिला उत्तर सुचलं नाही, असं या कादंबरीत प्रथमच घडत आहे. लोकेशने काटा उचलला, या वेळी छातीशी न धरता, काखेत. फुलं फरशीवर राहिली. बारा वाजता शिबिराची गाडी फाटकाशी येऊन तीनदा हॉर्न वाजवून गेली. अश्वजित बाहेर जाऊन ड्रायव्हरशी काय बोलला कोण जाणे, पण येताना त्याने दाराशी ठेवलेली निळी बॅग उचलली आणि सरळ माळ्यावर टाकली.

*

प्लांटच्या दवाखान्यातले डॉक्टर येऊन गेले, गोळी अर्धी करून गेले, आणि जाताना सगळ्यांना मिळून एकदाच रागावून गेले. दुपारी तीनला अंगणात ऊन होतं. बाबा खुर्चीत, पायांवर आईची शाल. माधवी बाजूच्या पायरीवर. आत रिना टेलरला फोन लावून माफी मागत होती, आणि आत्या तिला काय काय म्हणायचं ते सांगत होती.

"बाबा, तुम्ही शून्य बघितलं नाही."

बाबांनी खुर्ची उन्हात थोडी पुढे घेतली.

"पाह्यलं होतं. पहिल्या रविवारी. शून्य बरोबर होतं," ते म्हणाले. "शून्य कोनीबी बरोबर ठेवते. मी लिटरभर पानी पेलो तिथंच, बाटली भरून, अन् पुन्हा चढलो. काटा पावनेनऊशेनंच वाढला. साडेबारा टक्के मारते. नाव नोंदवाच्या दिवशी काटा दुसरा राह्यते, खरा. मंग हा."

माधवी त्यांच्याकडे बघत राहिली. "पहिल्याच दिवशी कळलं तुम्हाला?"

"तीस वर्स काट्यावर होतो, बेटा. इतकं नाई समजनार काय?"

"मग का गेलात?"

बाबांनी शालीचा एक धागा ओढला, तो लांबत गेला, तो त्यांनी बोटाला गुंडाळला.

"संध्याकाळी फोन येत होता. लोकेश करे नाईतर कोनी बाई करे. 'काका, आज काय खाल्लं?' सांगा लागे. सकाळी काय, दुपारी काय. लिंबू पिवळं होतं का हिरवं, इथपर्यंत इचारत." ते थोडं हसले. "तुही आई गेल्यापासून हे कोनं इचारलंच नव्हतं."

माधवीला आठ वाजताचे तीनशे पासष्ट फोन आठवले. गोळी घेतली का. शुगर किती. तिने एकही चुकवला नव्हता. उत्तरादाखल काही बोलावं असं तिला वाटलं, पण जे सुचलं ते सगळं स्वतःच्या बाजूचं होतं. म्हणून ती उठली, आत गेली आणि फ्रीजवरची डबी खाली घेऊन डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे गोळ्या मधोमध मोडून कप्प्यांत भरत बसली. आईच्या अक्षराला बोट लागू न देता.

दुसऱ्या दिवशी ती नागपूरला परतली. संध्याकाळी सातला, लायब्ररी बंद करून, तिने फोन लावला. बाबांनी पहिल्याच घंटेला उचलला.

"घेतली, घेतली. अर्धी घेतली," ते घाईने म्हणाले.

"ते नाही विचारलं. काय खाल्लं आज?"

पलीकडे टीव्ही बंद झाला. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाबा सावरून बसत होते.

"सकाळी पोहे," त्यांनी सुरुवात केली. "रिनानं केले होते. शेंगदाने कमी होते. दुपारी भात, लाखोळीची डाळ, बाई मिरचीचा ठेचा ठेवून गेली होती, तो. चारले चहा. अन् खीर होती थोडी कालची. अर्धी वाटी."

"अर्धीच?"

"अर्धीच," बाबा म्हणाले.

बाबांची 'अर्धी वाटी' तिला ठाऊक होती. काट्यावरच्या माणसाची लेक होती ती. तिने मनातल्या मनात वर साडेबारा टक्के धरले, थोडा विचार केला, आणि सरळ पूर्ण वाटी धरली.

"बरं," ती म्हणाली. "अन् वेलची?"

"आता बरोबर लागली," बाबा म्हणाले.